चित्रपटातील ध्वनी-चित्रमेळ : मूकपटापासून अंकीय जतनापर्यंत मराठी चित्रपटाचा एक दुर्लक्षित इतिहास

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात राजूर हे आदिवासी पट्ट्यातील बाजारपेठेचे गाव आहे. भंडारदऱ्याचे धरण, प्रवरेचे खोरे आणि डांगी जनावरांचे प्रदर्शन यांमुळे ते महाराष्ट्राला परिचित आहे. याच तालुक्याच्या दक्षिण सीमेवर हरिश्चंद्रगड उभा आहे. ज्या पौराणिक राजाचे नाव या गडाने धारण केले, त्याच राजाच्या कथेने भारतीय चित्रपटाचा आणि पुढे मराठी बोलपटाचा प्रारंभ व्हावा, हा योगायोगच म्हटला पाहिजे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली प्रदर्शित झाला, तर प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' 1932 साली. कथा एकच, परंतु पहिल्या चित्रपटातील राजाचे ओठ हलत होते आणि शब्द ऐकू येत नव्हते, दुसऱ्यात ओठ आणि शब्द एकत्र आले. या दोन राजांमधील अंतर एकोणीस वर्षांचे आहे आणि ते अंतर म्हणजेच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

मराठी चित्रपटाच्या इतिहासलेखनात दिग्दर्शक, कथा, संगीत, अभिनय यांना यथायोग्य स्थान मिळाले आहे. मात्र पडद्यावरील चित्र आणि कानावर पडणारा ध्वनी यांचा मेळ कसा साधला गेला, तो कोठे बिघडला आणि बिघडल्यावर कोणी, कसा दुरुस्त केला, या प्रश्नाकडे केवळ तांत्रिक बाब म्हणून पाहिले गेले. वस्तुतः ध्वनी आणि चित्र यांची फारकत झाली असता दुरुस्ती करणाऱ्याला प्रत्येक वेळी एक निवड करावी लागते : चित्र प्रमाण मानायचे की ध्वनी? ज्याला प्रमाण मानले ते अखंड राहते आणि दुसऱ्याला कात्री लागते. ही निवड बहुधा मुकाट्याने होते आणि तिची नोंद कोठेही राहत नाही. जुन्या मराठी चित्रपटांच्या उपलब्ध प्रतींचा साधन म्हणून उपयोग करू पाहणाऱ्या अभ्यासकाला ही निवड समजणे आवश्यक आहे.

मूकपट आणि मानवी मेळ

मूकपट हा खऱ्या अर्थाने कधीच मूक नव्हता. पडद्याजवळ पेटी-तबला वाजे आणि निरक्षर प्रेक्षकांसाठी पाट्या मोठ्याने वाचून दाखविणारा, प्रसंगी कथा रंगवून सांगणारा निवेदक असे. ध्वनी आणि चित्र यांचा मेळ घालणारे यंत्र त्या काळी माणूसच होता. पट्टी तुटली, दृश्य गळाले, प्रक्षेपकाचा हात मंदावला तरी वादक आणि निवेदक चित्राकडे पाहून सावरून घेत. कीर्तनकाराला मागच्या टाळकऱ्यांनी सांभाळून घ्यावे, त्यातलाच हा प्रकार होता.

या व्यवस्थेत चित्राची गती निश्चित असण्याची गरज नव्हती. हाताने फिरविलेल्या कॅमेऱ्यात सेकंदाला साधारणतः 16 ते 20 चौकटी टिपल्या जात आणि दाखवतानाही त्यात कमीअधिक होत असे. बोलपटाने ही मुभा संपविली. चित्राची गती थोडीशी बदलली तर डोळा ते खपवून घेतो, परंतु आवाजाची गती बदलली की सूर बदलतो आणि कान ते क्षणात ओळखतो. म्हणून सेकंदाला 24 चौकटी ही गती सर्वत्र स्थिर झाली. आज मूकपट दूरचित्रवाणीवर पाहताना त्यातील माणसे लगबगीने धावताना दिसतात, त्याचे कारण त्यांच्या चालण्यात नसून या बदललेल्या गतीत आहे. 16 चौकटींच्या गतीने टिपलेले दृश्य 24 च्या गतीने दाखविले की दीडपट वेगाने पळते.

या संक्रमणाचा फटका स्वतः फाळक्यांनाही बसला. राजूरपासून फार दूर नसलेल्या नाशकात त्यांनी आपल्या कारकिर्दीचा मोठा काळ व्यतीत केला. त्यांचा 'सेतुबंधन' हा 1932 सालचा चित्रपट मूकपट म्हणून तयार झाला. परंतु तोवर बोलपटाने बाजारपेठ काबीज केली होती. तेव्हा तयार मूकपटाला मागाहून आवाज जोडण्याचा मार्ग पत्करण्यात आला. मराठी माणसाच्या चित्रपटनिर्मितीतील ध्वनी-चित्रमेळाच्या दुरुस्तीचे हे अगदी आरंभीचे उदाहरण म्हणावे लागेल. अशा कामातील अडचणी सहज लक्षात येण्याजोग्या आहेत. नटांनी चित्रीकरणाच्या वेळी नेमके शब्द उच्चारले असतीलच, याची हमी नसते. कारण मूकपटात शब्दांपेक्षा मुद्रेला महत्त्व. शिवाय 18 च्या गतीने टिपलेले चित्र 24 च्या गतीत बसवायचे तर दर तिसरी चौकट दोनदा छापावी लागते, आणि ध्वनिपट्टीला जागा द्यायची तर चित्राची एक कड कापावी लागते. पाच वर्षांनी, 1937 साली कोल्हापूर सिनेटोनसाठी फाळक्यांनी 'गंगावतरण' हा चित्रपट केला तो मुळातच बोलपट म्हणून, आणि तो त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला.

तबकडीकडून पट्टीकडे

बोलपटाच्या आरंभकाळात ध्वनी कोठे साठवायचा, याविषयी दोन मार्ग होते. अमेरिकेत 6 ऑक्टोबर 1927 रोजी प्रदर्शित झालेल्या 'द जॅझ सिंगर'चा आवाज तबकडीवर होता. प्रत्येक रिळाबरोबर एक मोठी तबकडी सुरू करायची आणि दोहोंचा वेग एकाच यंत्रणेने बांधून ठेवायचा, अशी ही व्हिटाफोन पद्धती होती. तिचा दोष उघड होता. सुई घसरली की मेळ गेला. आणि पट्टी तुटून चार चौकटी गळाल्या की त्या क्षणापासून रीळ संपेपर्यंत चित्र आवाजाच्या पुढे धावू लागे. यावर चित्रगृहांतील कामगारांनी अवलंबिलेला उपाय साधा आणि विचारपूर्वक केलेला होता : जितक्या चौकटी गळाल्या, मोजून तितक्याच कोऱ्या काळ्या चौकटी त्या जागी जोडायच्या. पडदा क्षणभर काळा पडे, परंतु आवाजाला धक्का लागत नसे. हा उपाय पुढे पुन्हा भेटणार आहे.

दुसरा मार्ग म्हणजे आवाज प्रकाशाच्या साहाय्याने त्याच पट्टीच्या कडेला उमटविणे. भारतात हाच मार्ग रूढ झाला. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात इंपीरियल फिल्म कंपनीचा 'आलम आरा' प्रदर्शित झाला. त्यासाठी वापरलेल्या टॅनार यंत्रात चित्र आणि ध्वनी एकाच निगेटिव्हवर एकाच वेळी टिपले जात. त्यामुळे मेळ बिघडण्याची भीती कमी. पण कापाकापीचे स्वातंत्र्यही तितकेच कमी. वाजंत्री कॅमेऱ्याच्या नजरेआड, पण मायक्रोफोनच्या टप्प्यात दडवावी लागत. स्टुडिओजवळून आगगाड्या जात असल्याने बरेचसे चित्रीकरण रात्री उरकावे लागले, हेही प्रसिद्ध आहे. पुढे चित्र एका निगेटिव्हवर आणि ध्वनी दुसऱ्या निगेटिव्हवर घेण्याची पद्धत आली. दोन पट्ट्या वेगळ्या झाल्या आणि त्या पुन्हा जुळविण्यासाठी प्रत्येक दृश्याच्या आरंभी लाकडी फळीचा 'क्लॅप' आला. फळी मिटलेली दिसते ती चौकट आणि 'टक्' असा आवाज उमटतो ती जागा, ही दोन ठिकाणे समोरासमोर आणली की उरलेले सारे दृश्य आपोआप जुळते.

प्रभातची द्विभाषिक वाट

'अयोध्येचा राजा' व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केला. राजाच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे आणि तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या. संगीतही टेंबे यांचेच. हाच चित्रपट हिंदीत 'अयोध्या का राजा' म्हणून आला. येथे अभ्यासकांनी लक्षात घ्यावयाची बाब अशी की, हिंदी आवृत्ती मराठीवर आवाज चढवून केलेली नव्हती. दोन भाषांसाठी दोनदा चित्रीकरण झाले. त्या काळी ध्वनी पुनःपुन्हा पुसून घेण्याजोगी चुंबकीय फीत नव्हती, आणि ओठांच्या हालचालींवर परभाषेतील शब्द बसविण्याची साधने अपुरी होती. म्हणून ओठांचा मेळ राखण्याचा खात्रीचा उपाय एकच उरला : नटाने दोन्ही भाषांत प्रत्यक्ष बोलायचे.

प्रभातच्या पुढील चित्रपटांतही हीच वाट दिसते. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' (1937), 'माणूस' आणि 'आदमी' (1939), 'शेजारी' आणि 'पडोसी' (1941) या जोड्या मराठी वाचकांना परिचित आहेत. 'शेजारी'त गजानन जागीरदार मिर्झांच्या भूमिकेत आणि केशवराव दाते त्यांच्या हिंदू शेजाऱ्याच्या भूमिकेत होते. 'पडोसी'त दात्यांच्या जागी मझहर खान आले. भाषेनुसार नट बदलावा, अशी वेळ येण्यामागे हिंदी बाजारपेठेचे गणित असेलच. पण ज्याचे ओठ दिसतात त्याचाच आवाज ऐकू येणार, ही तांत्रिक अटही त्यामागे होती. प्रभातच्या द्विभाषिक निर्मितीचे श्रेय व्यावसायिक धोरणाला देण्याची प्रथा आहे. तिच्यात या अटीची भर घातल्याखेरीज चित्र पूर्ण होत नाही.

संगीताच्या बाबतीत मात्र ही अट लवकरच सैल झाली. कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने 1935 साली नितीन बोस यांच्या 'भाग्यचक्र' आणि 'धूप छाँव' या चित्रपटांत गाणे आधी मुद्रित करून ते वाजत असताना नटांनी ओठ हलवायचे, ही पार्श्वगायनाची पद्धत रुजविली. येथे प्रमाण उलटे झाले. आजवर आवाज ओठांमागून येत होता; आता ओठ आवाजामागून जाऊ लागले. मराठी रंगभूमीवर वाढलेल्या प्रेक्षकाला हा बदल सहजासहजी पचण्यासारखा नव्हता. गाणारा नट ही त्याची श्रद्धा होती. 'संत तुकाराम' (1936) या दामले-फत्तेलाल यांच्या चित्रपटात विष्णुपंत पागनीस स्वतः गातात आणि त्यांचे गाणे त्यांच्या मुद्रेपासून वेगळे काढता येत नाही. विष्णुपंत दामले हे प्रभातचा ध्वनिमुद्रण विभाग सांभाळणारे तंत्रज्ञ होते, ही गोष्ट दिग्दर्शक म्हणून त्यांचा विचार करताना पुष्कळदा निसटते. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, त्यात या ध्वनिदृष्टीचा वाटा नव्हता, असे कोण म्हणेल?

तंबूतील मेळ

शहरातील चित्रगृहांचा इतिहास तुलनेने नोंदला गेला आहे. राजूरसारख्या डोंगराळ भागातील गावांपर्यंत चित्रपट पोहोचला तो मात्र प्रामुख्याने जत्रा-यात्रांतून फिरणाऱ्या तंबू सिनेमाच्या द्वारे. महाराष्ट्रातील या फिरत्या टॉकीजच्या अखेरच्या पर्वाचे चित्रण शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात आहे. 2016 च्या कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेख झाला.

मालमोटारीत प्रक्षेपक, तंबूत जमिनीवर बसलेले प्रेक्षक आणि विजेसाठी जनित्र, अशा परिस्थितीत ध्वनी-चित्रमेळ टिकावा, ही खरे तर नवलाची गोष्ट. तो टिकला, याचे कारण पट्टीच्या रचनेत आहे. जनित्राचा जोर कमी झाला की प्रक्षेपकाची गती मंदावे, आवाज जाड होई, गाण्याचा सूर उतरे. परंतु चित्र आणि ध्वनी एकाच पट्टीवर असल्याने दोन्ही सारखेच मंदावत आणि ओठ शब्दांपासून सुटत नसत. तबकडीची पद्धत रूढ झाली असती, तर खडकाळ रस्त्यांवरून फिरणारा बोलपट खेड्यापर्यंत पोहोचणे दुरापास्त होते. ग्रामीण महाराष्ट्रातील चित्रपटप्रसाराच्या इतिहासात या साध्या तांत्रिक वस्तुस्थितीची दखल क्वचितच घेतली जाते.

तरीही मेळ बिघडत असे, आणि त्याची जागा ठरलेली होती. प्रक्षेपकात चित्राची चौकट खिडकीसमोर क्षणभर थांबते, मग झटक्याने पुढे सरकते. सेकंदाला असे चोवीस झटके. ध्वनी मात्र झटक्यांनी वाचता येत नाही, तिथे पट्टी संथ वाहिली पाहिजे. म्हणून ध्वनी वाचणारी जागा चित्राच्या खिडकीपासून दूर ठेवलेली असते आणि मधे पट्टीचा एक सैल वळसा सोडलेला असतो. 35 मिलिमीटरच्या पट्टीवर हे अंतर 20 चौकटींचे, म्हणजे सुमारे 0.83 सेकंदाचे, 16 मिलिमीटरच्या पट्टीवर 26 चौकटींचे, म्हणजे सुमारे 1.08 सेकंदाचे. छापतानाच आवाज तितका पुढे छापलेला असतो. ऑपरेटरने पट्टी चढविताना हा वळसा मोठा किंवा लहान सोडला, की ते संबंध रीळ बिघडलेच. नायिकेचे ओठ मिटल्यावर शब्द येत, किंवा शब्द आधी आणि ओठ मागून. दुरुस्तीही तितकीच सोपी, वळसा नीट करण्याची. मात्र त्यासाठी रीळ थांबवावे लागे आणि तंबूतील आरडाओरडा सोसावा लागे.

दुसरे कारण ध्वनीच्या स्वभावात होते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे एका चौकटीच्या काळात सुमारे 14 मीटर. पडद्याजवळच्या कर्ण्यापासून तीस मीटरवर बसलेल्या माणसाला दोन चौकटींचा उशीर निसर्गतःच सोसावा लागतो. तो सहसा जाणवत नाही, कारण दूरच्या लाकूडतोड्याची कुऱ्हाड आधी दिसते आणि घाव मागून ऐकू येतो, हा माणसाचा जन्माचा अनुभव आहे. याउलट आवाज आधी आणि चित्र मागून, हे निसर्गात घडत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 1998 साली दिलेल्या शिफारशीतही ही विषमता दिसते : आवाज 45 मिलिसेकंद आधी आला तरी प्रेक्षकाच्या लक्षात येतो, मागे मात्र तो 125 मिलिसेकंद रेंगाळेपर्यंत लक्षात येत नाही.

सांध्यांची साक्ष

फिरत्या टॉकीजकडे येणाऱ्या प्रती बहुधा शहरांतून झिजून आलेल्या असत. पट्टी तुटे, ऑपरेटर फाटलेला भाग कापून सांधा जोडे आणि खेळ पुढे चाले. या सांध्यांकडे आजवर केवळ नुकसान म्हणून पाहिले गेले. परंतु ध्वनी आणि चित्र वीस चौकटींनी सरकलेले असल्याने या नुकसानीचे स्वरूप मोठे विलक्षण असते. समजा दहा चौकटी कापल्या गेल्या. त्यांच्याबरोबर जे चित्र गेले, त्या चित्राचा आवाज पट्टीवर आधीच वाजून गेलेल्या भागात छापलेला असतो, म्हणून तो शाबूत राहतो. आणि जो आवाज गेला, तो त्यानंतर वीस चौकटींनी येणाऱ्या चित्राचा असतो. प्रेक्षकाला आधी चित्राची उडी दिसते, पाऊण-एक सेकंद ओठ शब्दांच्या पुढे राहतात, मग आवाजही तितकीच उडी घेतो आणि मेळ पुन्हा पूर्ववत होतो. एकत्र छापलेल्या प्रतीतील जखम अशी आपोआप भरून येते.

चित्र आणि ध्वनी यांच्या वेगळ्या निगेटिव्हची गोष्ट निराळी. चित्राच्या निगेटिव्हमधील दहा चौकटी कुजल्या म्हणून काढल्या आणि ध्वनीच्या निगेटिव्हला हात लावला नाही, तर त्या जागेपासून रिळाच्या अखेरपर्यंत मेळ बिघडलेलाच राहतो. पुढे आणखी चौकटी गेल्या की अंतर वाढत जाते. म्हणून बिघाड क्षणिक आहे की कायमचा, यावरून हाती आलेली प्रत कोणत्या वाटेने आली, याचा अंदाज बांधता येतो. ऐतिहासिक साधनांच्या बहिरंग परीक्षणात कागद, शाई, अक्षरवळण यांना जे महत्त्व आहे, तेच चित्रपटाच्या प्रतीत या बिघाडाला दिले पाहिजे.

पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली, तोपर्यंत बरेच काही नष्ट झाले होते. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 2003 साली पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट पट्ट्यांचा मोठा साठा जळाला. त्यात प्रभातच्या चित्रपटांचे मूळ साहित्यही होते. अशा स्थितीत एखादा जुना मराठी चित्रपट उभा करताना चित्र एका प्रतीतून, ध्वनी दुसरीतून आणि उरलेला तुकडा तिसरीतून घ्यावा लागतो. येथे सुरुवातीला मांडलेला प्रश्न पुन्हा समोर येतो. एका प्रतीत दहा चौकटींचे चित्र नाही, पण ध्वनी अखंड आहे. मेळ राखायचा तर दोन मार्ग : ध्वनीतील तितका भाग कापायचा किंवा चित्रात तितक्या काळ्या (वा आधीची चौकट गोठवून) चौकटी घालायच्या. पहिल्या मार्गाने चित्रपट सुबक दिसतो आणि कोणाच्या काही लक्षात येत नाही. नेमकी हीच त्याची उणीव आहे. दहा चौकटींत 0.42 सेकंद मावतो. तेवढ्यात अभंगाच्या चरणातील एक शब्द सहज जातो. मराठी बोलपटाची ओळख त्याच्या बोलण्यात आणि गाण्यात असताना, दिसण्यातील सफाईसाठी बोल कापणे हा उलटा न्याय होय. व्हिटाफोनच्या काळातील कामगाराने मोजून घातलेल्या काळ्या चौकटी या दृष्टीने आजच्या कित्येक सुबक आवृत्त्यांपेक्षा अधिक प्रामाणिक ठरतात.

गतीतील फरकामुळे होणारा घोटाळा याहून अवघड असतो. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. आपल्याकडील दूरचित्रवाणीची गती सेकंदाला 25 चौकटींची. त्यामुळे 24 च्या गतीचा चित्रपट पडद्यावर सुमारे चार टक्के वेगाने धावे. दोन तासांचा चित्रपट जवळपास पाच मिनिटे आधी संपे आणि पांढरी एकमध्ये गायलेले पद काळी एकच्या दिशेने बरेच सरके. ओठ आणि शब्द एकत्रच धावत असल्याने कोणाची तक्रार नसे. मात्र मूळ ध्वनी हरवला म्हणून दूरचित्रवाणीच्या फितीवरील आवाज घेऊन तो पट्टीवरील चित्राला जोडला, तर अकरा मिनिटांच्या एका रिळात सव्वीस-सत्तावीस सेकंदांचे अंतर पडते. आक्रसलेल्या पट्टीचेही असेच. नायट्रेट पट्टी एक टक्का आक्रसली आणि तिच्या छिद्रांचा आधार न घेता लांबीच्या हिशोबाने आवाज उतरविला, तर हजार फुटी रिळात सहा-सात सेकंद कमी भरतात. असा आवाज नुसता मागेपुढे सरकवून जुळत नाही. आरंभी जुळला तर अखेरीस सुटतो. स्थिर अंतर आणि वाढते अंतर हे दोन वेगळे रोग आहेत. पहिल्याला सरकवणे पुरते, दुसऱ्याची गतीच दुरुस्त करावी लागते.

डबिंग आणि बोलीचा प्रश्न

चुंबकीय फितीच्या प्रसारानंतर भारतीय चित्रपटांत मागाहून आवाज भरण्याची, म्हणजे डबिंगची प्रथा पडली. बाह्यचित्रीकरणासाठी वापरले जाणारे हलके कॅमेरे चालताना आवाज करीत. शिवाय बघ्यांची गर्दी आवरणे अशक्य. तेव्हा चित्रीकरणस्थळी केवळ खुणेपुरता 'पायलट' आवाज घ्यायचा आणि पुढे बंद खोलीत तोच तुकडा पडद्यावर पुनःपुन्हा फिरवून नटाकडून संवाद बोलवून घ्यायचे, अशी रीत झाली. मेळ साधताना तंत्रज्ञाची नजर असते ती प, फ, ब, भ, म या ओष्ठ्य वर्णांवर. कारण 'बाप' किंवा 'माय' म्हणताना ओठ मिटलेच पाहिजेत. ही वर्णमालेतील जुनी वर्गवारी संकलनाच्या टेबलावर अशी कामास येते.

डबिंगने मेळ साधला, पण जागा गमावली. खोलीतील आवाजात खोऱ्याचा वारा नसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बोली नसते. ज्या माणसाचा चेहरा चित्रात आहे तो बंद खोलीत तेच वाक्य पुन्हा म्हणताना नकळत प्रमाण भाषेकडे झुकतो. काही वेळा तर त्याच्या जागी दुसऱ्याचाच आवाज येतो. ग्रामीण मराठी चित्रपटांतील बोली पुष्कळदा एकसाची वाटते, याच्या कारणांत लेखनाबरोबर या प्रक्रियेचाही समावेश केला पाहिजे. 'लगान' (2001) या हिंदी चित्रपटाने चित्रीकरणस्थळीच अंतिम ध्वनी घेण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर यशस्वी करून दाखविली, आणि मराठीत चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (2014) मध्ये अव्यावसायिक नटांच्या बोलण्याचा पोत याच पद्धतीमुळे टिकला.

क्षेत्रीय मुद्रणातील निकड

हा प्रश्न आता चित्रपटापुरता उरलेला नाही. महाविद्यालयांतील विविध विभाग आदिवासी लोककलांचे आणि मौखिक परंपरेचे ध्वनिचित्रमुद्रण करीत असतात. पुष्कळदा चित्र एका यंत्रावर आणि चांगला आवाज मिळावा म्हणून ध्वनी दुसऱ्या यंत्रावर घेतला जातो. दोन यंत्रांची घड्याळे तंतोतंत सारखी नसतात. दहा लाखांत पन्नास भागांचा क्षुल्लक फरकही तासाभरात 0.18 सेकंदाचे अंतर पाडतो, म्हणजे चार चौकटींहून अधिक. मुलाखतीत ते फारसे बाधत नाही. परंतु सह्याद्रीच्या पट्ट्यातील बोहाड्यासारख्या मुखवट्यांच्या सोहळ्यात सोंग नाचविणाऱ्याचे पाऊल आणि संबळाचा ठोका यांचा संबंध हाच अभ्यासाचा विषय असतो. पाऊल ठोक्यावर पडते, की ठोक्याच्या किंचित मागे? हा फरक एखाद-दोन चौकटींचा असू शकतो. मेळ बिघडलेल्या मुद्रणावरून काढलेला निष्कर्ष यंत्राचा दोष परंपरेच्या माथी मारील आणि पुढे ते सोंग नाचविणारी पिढी उरली नाही, तर पडताळा पाहायलाही कोणी नसेल.

यावर उपाय शंभर वर्षांपूर्वीचाच आहे. मुद्रणाच्या आरंभी एकदा आणि न चुकता अखेरीस एकदा कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवावी. आरंभीच्या टाळीने सरकलेले अंतर कळते, दोन टाळ्यांमधील फरकाने गतीतील तफावत कळते. त्यासोबत कोणत्या यंत्रावर काय घेतले, नंतर काय आणि किती सरकविले, कोठे गती बदलली, याची नोंद मुद्रणाबरोबर ठेवावी आणि न जुळविलेले मूळ दोन्ही भाग तसेच जपावेत. प्रभातच्या किंवा फाळक्यांच्या चित्रपटांच्या आज हाती असलेल्या प्रतींबरोबर अशी एखादी वही असती, तर कोणत्या चौकटी काळाने नेल्या आणि कोणत्या दुरुस्ती करणाऱ्याच्या कात्रीने, हे सांगता आले असते.